जुना फ्लॅश, गाईड नंबर ११० आणि सगळे फोटो काळे: अंतराचं गणित कुठं चुकतंय?

कडक_भाकरी (धागाकर्ता) | रविवार, रात्री ११:२०

मंडळी, मदत हवी आहे. चुलत बहिणीचं लग्न २२ दिवसांवर आलंय. कार्यालय सोलापुरात, अक्कलकोट रोडला. फोटोग्राफर ठरलेला आहे, पण रिसेप्शनचे घरच्या माणसांचे फोटो मी काढणार, असं मीच मोठ्या तोंडानं सांगून बसलोय.

नवी पेठेत एक स्टुडिओ बंद होत होता, तिथून एक जुना फ्लॅश घेतला. ऑटो वगैरे काही नाही. पूर्ण, अर्धा, पाव, एवढीच बटणं. पाठीवर कोष्टक होतं, पण घासून घासून त्यातलं फक्त 'गाईड नंबर ११०, आयएसओ १००' एवढंच वाचता येतंय. नेटवर वाचलं की गाईड नंबर म्हणजे फ्लॅशची ताकद, आणि त्याला अंतरानं भागलं की एफ नंबर मिळतो, म्हणजे लेन्सचं भोक किती उघडायचं तो आकडा (आकडा मोठा, भोक लहान). सोपं वाटलं.

काल रात्री गच्चीवर धाकट्या भावाला ५ मीटरवर उभा केला. ११० भागिले ५ म्हणजे २२. एफ २२ लावलं, पूर्ण पॉवर, शटर १/१२५ सेकंद. फोटोत भाऊ नाहीच! दात तेवढे दिसतायत. मग वाटलं शटर हळू करावं, १/१५ केलं. चेहरा तितकाच काळा, फक्त मागचे शेजाऱ्यांचे दिवे लांबडे झाले. मग चिडून १/५०० केलं तर अर्धा फोटो आडवा कापल्यासारखा गायब.

फ्लॅश बिघडलेला घेतला का मी? भाऊ म्हणतोय, पैसे पाण्यात.

---

सातरस्ता | रविवार, रात्री ११:४८

फ्लॅश ठणठणीत असावा. ११० हे फुटात आहे, मीटरमध्ये नाही.

---

शून्य_प्रकाश | रविवार, रात्री ११:५१

धागा संपला. सगळ्यांनी घरी जावं.

---

सातरस्ता | सोमवार, सकाळी ७:०५

रात्री मोबाईलवरून एका ओळीत उरकलं होतं, आता नीट लिहितो.

एवढ्याशा, चार पेन्सिल सेलवर चालणाऱ्या फ्लॅशचा गाईड नंबर मीटरमध्ये ११० असणं शक्यच नाही. आजचे मोठे ब्रँडेड फ्लॅशसुद्धा ६० च्या आसपास सांगतात, तेही डोकं २०० मिमीला झूम करून. तुमचे ११० फूट म्हणजे ३.२८ नं भागून साधारण ३३ मीटर. तर ५ मीटरवर ३३ भागिले ५, म्हणजे एफ ६.७ च्या आसपास. तुम्ही लावलं २२. हा फरक जवळजवळ साडेतीन स्टॉपचा होतो (एक स्टॉप म्हणजे उजेड दुप्पट किंवा निम्मा). म्हणजे पाहिजे होता त्याच्या अकराव्या हिश्शाइतका प्रकाश मिळाला. दात दिसले हेच नशीब.

आता शटरचं. फ्लॅशचा झगझगाट पूर्ण पॉवरलाही साधारण एक हजारांश सेकंदात आटोपतो. शटर १/१५ असो की १/१२५, तो आख्खा झगझगाट त्या वेळात मावतोच. म्हणून चेहरा बदलला नाही. बदलले ते शेजाऱ्यांचे दिवे, कारण ते सतत जळत होते. फ्लॅशचा प्रकाश ठरवायचा एफ नंबर, आयएसओ (सेन्सरची संवेदनशीलता), पॉवर आणि अंतर यांनी. शटरनं ठरतो तो फक्त आजूबाजूचा उजेड.

आणि अर्धा फोटो गायब झाला तो सिंक स्पीडमुळे, म्हणजे फ्लॅशसोबत चालणाऱ्या सगळ्यात वेगवान शटरच्या मर्यादेमुळे. तुमच्या कॅमेऱ्याच्या शटरला दोन पडदे आहेत. पहिला उघडतो, दुसरा मागून येऊन बंद करतो. १/२०० पर्यंत असा एक क्षण असतो की सेन्सर पूर्ण उघडा आहे. त्याच्यापुढं दुसरा पडदा आधीच निघालेला असतो, म्हणजे सेन्सरवरून फक्त एक फट सरकते. फ्लॅश त्या क्षणी पेटला की फटीपुरताच फोटो. नवा फ्लॅश असता तर कॅमेऱ्यानं तुम्हाला १/५०० लावूच दिलं नसतं. जुन्या एका पिनच्या फ्लॅशला कॅमेरा ओळखतच नाही.

लग्नात १/६० ते १/१२५ ठेवा आणि शटर विसरून जा.

---

ऑटोभक्त | सोमवार, सकाळी ९:३०

२०२० नंतरच्या जगात भागाकार करत लग्नाचे फोटो काढणार? टीटीएल (थ्रू द लेन्स) फ्लॅश घ्या, कॅमेरा स्वतः मोजतो, स्वतः सोडतो. ऑलिंपसनं ओएम-२ मध्ये १९७५ साली लेन्समधून आलेला फ्लॅशचा प्रकाश मोजायची सोय दिली. पन्नास वर्षं झाली की हो.

---

कडक_भाकरी | सोमवार, दुपारी १:१५

सातरस्ता, सलाम. फूट हे डोक्यातच आलं नाही. आपण शाळेपासून मीटरवाले!

ऑटोभक्त, बजेट संपलं. आणि आता हे शिकायचंच असं भावाला सांगून झालंय.

---

जुना_टीएलआर | सोमवार, रात्री ८:१०

लेकरा, सगळ्यात आधी एक कर. तो फ्लॅश कॅमेऱ्यावर परत चढवू नको. काही जुन्या फ्लॅशच्या बुडाला २०० व्होल्टच्या वर दाब असतोय. त्या काळी कॅमेऱ्यात नुसते दोन पत्रे एकमेकाला चिकटायचे, त्यांना फरक पडत नव्हता. तुझ्या कॅमेऱ्यात आतलं सर्किट जाईल. फ्लॅश चालू कर, लाल दिवा पेटू दे, मल्टिमीटर डीसीवर लाव. एक टोक बुडाच्या मधल्या पिनला, दुसरं कडेच्या पट्टीला. आकडा इथं टाक.

---

कडक_भाकरी | सोमवार, रात्री १०:३२

काका, शेजारच्या यंत्रमाग कारखान्यातल्या वायरमनकडून मीटर आणला. ५.८ व्होल्ट. चालेल का?

---

जुना_टीएलआर | सोमवार, रात्री १०:४०

चालतंय. झोप आता.

---

नव्यापेठेतली | मंगळवार, दुपारी १२:०५

ऑटोभक्तांशी थोडं भांडायचं आहे. माझ्याकडे टीटीएल आहे, आवडतोही. पण गड्ड्याच्या यात्रेत त्यानं मला पहिल्या वर्षी रडवलं होतं.

बाहेरच्यांसाठी सांगते. संक्रांतीला सिद्धेश्वरांच्या यात्रेत सात नंदीध्वज (उंच मानाच्या काठ्या) निघतात आणि सोबत चालणारे सगळे पांढऱ्या बाराबंदीत. संध्याकाळी परतीच्या मिरवणुकीत फ्रेममध्ये वीस माणसं आणि वीसही पांढरीशुभ्र. टीटीएल काय करतो? आधी एक बारीक पूर्वझगझगाट सोडतो, किती प्रकाश परत आला ते मोजतो आणि गृहीत धरतो की समोर सगळं मिळून मध्यम करडं आहे. पांढऱ्या कापडावरून भरपूर प्रकाश परत आला की त्याला वाटतं, माणूस अगदी जवळ आहे, आवरा. तो फ्लॅश आखडता घेतो. बाराबंद्या राखाडी आणि आपल्या लोकांचे मुळातले सावळे चेहरे पार कोळसा.

मग मी फ्लॅश एक स्टॉप वर केला. बाराबंदी पांढरी झाली. तेवढ्यात काळा कोट घातलेले एक पाहुणे फ्रेममध्ये आले आणि त्यांचं कपाळ ट्यूबलाइटसारखं.

दुसऱ्या वर्षी मॅन्युअलवर गेले. ८ फुटांवरच्या माणसावर जेवढा प्रकाश पडायचा तेवढाच पडतो, त्यानं बाराबंदी घालो की कोट. गाईड नंबर कापडाला विचारतच नाही, अंतराला विचारतो. मला त्या दिवशी हे खरं उमगलं.

जाता जाता एक विनंती: नंदीध्वज पेलणाऱ्याच्या तोंडावर समोरून फ्लॅश मारू नका. तो माणूस वर शेंड्याकडं नजर लावून तोल सांभाळत असतो. आणि शेंडा फ्लॅशनं उजळतही नाही. माणूस ८ फुटांवर आणि शेंडा ३० फुटांवर असला तर त्या दोघांत जवळपास चार स्टॉपचा फरक पडतो.

---

ऑटोभक्त | मंगळवार, दुपारी २:२०

पांढऱ्याचा मुद्दा मान्य. पण वरातीत नवरदेव घोड्यावरून सारखा पुढंमागं होत असतो, तिथं तुमचं मॅन्युअल हात टेकणार.

---

नव्यापेठेतली | मंगळवार, दुपारी २:२६

वरातीत मीही टीटीएलच लावते. स्टेजवर मात्र सोफा चालत येत नाही.

---

जुना_टीएलआर | मंगळवार, रात्री ९:१५

ताईनं बरोबर सांगितलं. आता मी माझं सांगतो. १९७८ ते २००६ लग्नं केली, सोलापूर, बार्शी, पंढरपूर, तिकडं विजापूरपर्यंत. सुरुवातीला १२० चा रोल, एका रोलात १२ फोटो. १२ फोटोत अंदाजपंचे चालत नाही.

आमच्या फ्लॅशच्या पाठीवर पांढरी चिकटपट्टी असायची. त्यावर बॉलपेननं चार जोड्या लिहिलेल्या: ६ ला १६, ८ ला ११, ११ ला ८, १६ ला ५.६. बास. डावा आकडा फूट, उजवा एफ. कळलं का काही? नीट बघ. डावे आकडेही एफ स्टॉपचेच आहेत.

एफचे आकडे पाठ असतील तुझे: ४, ५.६, ८, ११, १६, २२. हेच आकडे फूट म्हणून वाच. ८ फुटांवरनं ११ फुटांवर गेलास की उजेड निम्मा, म्हणजे एक स्टॉप. ११ वरनं १६ ला गेलास की परत निम्मा. माणूस एक पायरी लांब गेला की एफ एक पायरी उघडायचा, एक पायरी जवळ आला की एक पायरी मिटायचा. स्टेजवर उभं राहून भागाकार कोण करतंय? आम्ही पायऱ्या मोजायचो.

आणि हे ध्यानात ठेव, डब्यावरचा आकडा खरा नसतोय. विकणारा फुगवूनच सांगतोय. कुठल्यातरी पांढऱ्या भिंतीच्या छोट्या खोलीत मोजलेला असतोय. तुझ्या फ्लॅशचा नंबर तू स्वतः काढ.

---

कडक_भाकरी | मंगळवार, रात्री ९:४०

काका, ते आकडे वाचून अंगावर काटा आला. इतकी वर्षं ५.६ आणि ८ बघतोय, हे कधी दिसलंच नाही.

नंबर स्वतः कसा काढायचा? फ्लॅश मीटर नाही माझ्याकडं.

---

सातरस्ता | मंगळवार, रात्री १०:१८

काकांच्या पायऱ्यांमागचं कारण एका वाक्यात: प्रकाश अंतराच्या वर्गाच्या प्रमाणात कमी होतो. अंतर दुप्पट केलं की उजेड एक चतुर्थांश, म्हणजे दोन स्टॉप. निम्म्या उजेडासाठी अंतर १.४ पट. आणि एफ नंबरही १.४ पटीनंच वाढत जातात. म्हणून दोन्हींची शिडी एकच.

नंबर काढायला मीटर नको. १० फुटांवर कुणाला तरी बसवा, आयएसओ १००, पूर्ण पॉवर, १/१२५, आणि एफ ५.६ पासून १६ पर्यंत सगळ्या मधल्या पायऱ्यांसकट फोटो काढा. जो फोटो बरोबर वाटेल त्याचा एफ गुणिले १०, तो तुमचा गाईड नंबर. एफ ८ बरोबर आला तर ८०. घरात काढा, गच्चीवर नको. गच्चीवर भिंती नसतात, परत येणारा प्रकाश नसतो, नंबर आणखी कमी येतो.

'बरोबर' कशाला म्हणायचं हा मात्र प्रश्न आहे. कॅमेऱ्याच्या पडद्यावर अंधारात सगळंच छान दिसतं.

---

जुना_टीएलआर | मंगळवार, रात्री १०:३५

टॉवेल. घरात सोलापुरी पांढरा टॉवेल असेलच की. भावाच्या खांद्यावर टाक. फोटो मोठा करून बघ, टॉवेलचे लूप दिसले पाहिजेत.

---

शून्य_प्रकाश | मंगळवार, रात्री १०:४१

एक्सपोजर मोजायचं राष्ट्रीय मानक: चाटी गल्लीतला टॉवेल.

---

कडक_भाकरी | बुधवार, रात्री ११:०५

झालं! जसं केलं तसं सांगतो.

आमच्या माडीवर शहाबादी फरशी आहे, २ बाय २ ची. अंतराला टेप लागलाच नाही, पाच फरश्या मोजल्या की १० फूट. भावाला सहाव्या फरशीच्या कडेवर खुर्ची दिली, खांद्यावर टॉवेल, मागं आईची गर्द जांभळी चादर. त्याला सिनेमा बघत बसायचं होतं, त्यामुळं तोंड वाकडं आहे सगळ्या फोटोंत.

एफ ५.६ ला टॉवेल नुसता पांढरा डाग, कागद चिकटवल्यासारखा. ७.१ ला काठाची वीण दिसायला लागली, मध्ये अजून डागच. ८ ला थोडे लूप, पण कॉलरजवळ परत सपाट. ९ ला आलं! एक एक लूप वेगळा, त्यांच्या बारीक सावल्यासुद्धा, आणि भावाच्या गालावरचा मुरूमही स्वच्छ. १० ला लूप आहेत पण टॉवेल जुना वाटायला लागला. ११ ला तर महिनाभर न धुतलेला.

म्हणजे ९ गुणिले १०, माझा नंबर ९०. छापलेला ११०.

आणखी एक दिसलं. सुरुवातीला मी लेन्स १८ मिमीला ठेवली होती, तर चारी कोपरे काळे. २४ ला नेली तर गेले. हे का?

---

सातरस्ता | बुधवार, रात्री ११:३०

११० आणि ९० मध्ये अर्ध्या स्टॉपहून थोडा जास्त फरक आहे. जुन्या फ्लॅशला चांगला म्हणायचा.

कोपऱ्यांचं असं: त्या काळचे न हलणाऱ्या डोक्याचे फ्लॅश साधारण ३५ मिमीच्या लेन्सला पुरेल इतकाच प्रकाश पसरवायचे, ३५ मिमी फिल्मच्या हिशोबानं. तुमच्या छोट्या सेन्सरवर १८ म्हणजे फिल्मच्या २७ सारखं, म्हणजे फ्लॅशच्या पसाऱ्यापेक्षा रुंद. २४ म्हणजे ३६. बसलं.

नव्या फ्लॅशचे आकडे बघताना हेच फसवतं. डोकं आत-बाहेर होतं, प्रकाश आवळला की नंबर वाढतो. कॅननच्या ५८० ईएक्स मार्क २ चं नावच १०५ मिमीला ५८ मीटर यावरून आहे. तोच फ्लॅश ३५ मिमीला ३६ मीटर भरतो. आकडा विचारला की लगेच 'कुठल्या झूमला?' विचारायचं.

---

नव्यापेठेतली | गुरुवार, सकाळी ११:१०

भाऊ, ९० म्हणजे काकांची चिकटपट्टी जशीच्या तशी तुम्हाला लागू की! ६ ला १६, ८ ला ११, ११ ला ८, १६ ला ५.६. गुणून बघा, सगळे नव्वदच्या आजूबाजूला.

पण पूर्ण पॉवरवर रिसेप्शन करू नका. प्रत्येक फोटोनंतर दहा-बारा सेकंद थांबावं लागेल, आणि स्टेजवर आहेर घेऊन आलेली रांग थांबत नाही. आयएसओ ४०० करा आणि फ्लॅश पाव पॉवरला. आयएसओ चौपट झाला की गाईड नंबर दुप्पट होतो, पॉवर पाव झाली की नंबर निम्मा होतो. दुप्पट आणि निम्मा, म्हणजे परत ९०च. पट्टी बदलायची नाही, फ्लॅश मात्र दोन-तीन सेकंदात तयार. आणि मागची रोषणाईही थोडी जास्त येते.

---

जुना_टीएलआर | गुरुवार, रात्री ८:५०

आणि तो लाल दिवा पेटला म्हणजे भरला असं समजू नको. पूर्ण भरायच्या आधीच पेटतोय तो. पेटल्यावर मनात पाच म्हण. घाई केलीस तर तुझा ९० चा ७० होईल आणि तू मला शिव्या देशील.

सेल चार्ज करायचे वापर, साधे नको. आणि आठ घे, चार नाही.

---

कडक_भाकरी | शुक्रवार, रात्री १०:००

कार्यालय बघून आलो. अडचण आहे. स्टेजवर गालिचा आहे, शहाबादी नाही. अंतर कसं मोजणार? माझ्या लेन्सवर फूट-मीटरचा आकडाही नाही.

आणि ग्रुप फोटोचं काय? स्टेजवर तीन रांगा करतात. गेल्या लग्नात पुढं बसलेल्या आत्या पांढऱ्या आणि मागचे काका अंधारात होते (तो फोटोग्राफर वेगळा, मी नव्हे).

---

सातरस्ता | शुक्रवार, रात्री ११:२५

दोन्हींना उपाय आहे.

ग्रुपचं आधी. पुढची रांग ८ फुटांवर, मागची १३ वर असेल तर दोघांत जवळजवळ दीड स्टॉपचा फरक. हा फरक पॉवर वाढवून जात नाही, आत्या अजून पांढऱ्या होतील. मागं सरका. पुढची रांग १४ वर, मागची १९ वर. रांगांमधलं अंतर तेच ५ फूट, पण आता फरक एक स्टॉपहूनही कमी. मधल्या रांगेचं १६ फूट धरून ५.६ लावा. लेन्स थोडी पुढं झूम करा म्हणजे फ्रेम तेवढीच राहील.

आता टेपशिवाय अंतर. तुमच्या सेन्सरची रुंदी साधारण २३.५ मिमी. लेन्स २४ मिमीवर ठेवली तर फ्रेममध्ये जेवढी रुंदी मावते ती जवळजवळ अंतराइतकीच असते. ८ फुटांवर ८ फूट रुंदी मावते, ११ फुटांवर ११ फूट. (ज्यांचा सेन्सर कॅननसारखा थोडा लहान आहे त्यांनी २२ मिमी धरावं.) म्हणजे तुमचा कॅमेराच फूटपट्टी आहे. स्टेजवरच्या वधूवरांच्या सोफ्याची रुंदी दिवसा मोजून ठेवा, बाकी फ्रेम सांगेल.

---

जुना_टीएलआर | शुक्रवार, रात्री ११:५०

हे मला १९७८ ला कुणी का सांगितलं नाही बे!

---

ऑटोभक्त | शनिवार, सकाळी ८:४५

मानलं. हे मी पण करून बघणार.

एक शंका: फ्लॅश कॅमेऱ्यावरून काढून भावाच्या हातात दिला आणि मी लांबून झूम केलं तर अंतर कुठून धरायचं?

---

सातरस्ता | शनिवार, सकाळी ९:०२

फ्लॅशपासून माणसापर्यंत. कॅमेरा रेल्वे स्टेशनात असला तरी चालेल.

---

नव्यापेठेतली | शनिवार, सकाळी १०:३०

छतावर फ्लॅश मारायचा मोह होईल, कारण सगळे व्हिडिओवाले तेच शिकवतात. आधी छत बघा. अंतर धरायचं ते फ्लॅश ते छत आणि छत ते चेहरा असं दोन्ही मिळून, वर छत स्वतः दीड-दोन स्टॉप गिळतं. तुमच्या ९० नंबरमध्ये, कार्यालयाच्या उंच छतावर, काहीच उरणार नाही. आणि खाली मांडवाचं गुलाबी कापड ताणलेलं असेल तर आख्खं वऱ्हाड गुलाबी.

---

जुना_टीएलआर | शनिवार, रात्री ९:३०

लग्नाआधी फ्लॅश दहा वेळा तपास. का सांगतोय ते ऐक. १९८१ ची गोष्ट. माझ्या जुन्या टीएलआरला (दोन लेन्सच्या कॅमेऱ्याला) बाजूला एक खटका होता, एम आणि एक्स. एम जुन्या बल्बच्या फ्लॅशसाठी. बल्बला पेटून भडकायला जरा वेळ लागायचा, म्हणून एमला कॅमेरा बल्ब आधी पेटवायचा आणि शटर मागून उघडायचा. इलेक्ट्रॉनिक फ्लॅश लगेच पेटून विझतोय, त्याला एक्स पाहिजे.

दुपारचं लग्न, कार्यालयात पडदे ओढलेले. गर्दीत कुणाच्या तरी शालीला खटका अडकला आणि एमवर गेला. मला पत्ता नाही. फ्लॅश तर दरवेळी झकास पेटतोय! अंतरपाट, अक्षता, हार, सगळं काढलं. डेव्हलप केलं तर रोल कोरा. फ्लॅश पेटून विझल्यावर शटर उघडत होतं.

नवरीच्या वडलांना सांगायला गेलो. त्यांनी चहा पाजला आणि म्हणाले, दोघांना परत उभं करतो, हार घालू, काढा. अंतरपाट धरायला भटजी काही परत आले नाहीत. शेजारच्या दोघांनी धोतर धरलं.

---

शून्य_प्रकाश | शनिवार, रात्री ९:४४

काका, हा किस्सा धाग्याच्या वर चिकटवा.

---

कडक_भाकरी | ३ आठवड्यांनी, मंगळवार, रात्री १०:१५

मंडळी, लग्न झालं. धागा वर आणतोय.

सकाळीच सोफा मोजला, साडेपाच फूट. गालिच्यावर ८ आणि ११ फुटांना चिकटपट्टीच्या खुणा केल्या. तासाभरानं डेकोरेशनच्या पोरानं कचरा समजून ओढून काढल्या. मग सातरस्तांची फ्रेमची युक्ती कामाला आली. २४ मिमीवर सोफा बरोबर निम्म्या फ्रेमइतका दिसला की ११ फूट, एफ ८. सोफा फ्रेमच्या दोन तृतीयांशापेक्षा जरासा जास्त भरला की ८ फूट, एफ ११. तासाभरात हे डोळ्यांनाच कळायला लागलं, आकडा आठवावाही लागेना.

रिसेप्शनचे १८० फोटो. वाया गेले ते १४. त्यातले नऊ मी मनात पाच न म्हणता मारले म्हणून. दोन छतावर मारून बघितले (नव्यापेठेतली ताई, आजी खरंच गुलाबी आल्या). बाकी तीनमध्ये मामांनी मध्ये डोकं घातलं.

नवरीचा शालू लाल, नवरदेवाचा सूट काळा, आजोबा धोतर-टोपीत पांढरे. तिघे एका फोटोत आणि तिघेही बरोबर. टोपीची घडीसुद्धा दिसतेय. ठरलेल्या फोटोग्राफरचा टीटीएल होता, त्याच्या फोटोत आजोबा आले की बाकीचे दोघं दबलेत. मी काही बोललो नाही, तो बिचारा जेवलाही नव्हता.

ग्रुप फोटोला १४ फूट मागं सरायला गेलो तर स्टेज संपलं. खाली उतरून खुर्चीवर चढलो. आत्यांचा चेहरा आणि मागच्या काकांचा चेहरा, दोन्ही आले. काका जरा गडद आहेत, पण काका तसेच आहेत.

चिकटपट्टीचा फोटो खाली टाकतोय. अक्षर वाईट आहे, सांभाळून घ्या.

---

जुना_टीएलआर | मंगळवार, रात्री १०:५०

पट्टी बघितली. ६ च्या पुढचा १६ घामानं पुसला जाऊ लालाय. बॉलपेन नको, लाँड्रीवाल्याचं मार्किंग पेन घे. आणि आजोबांचा फोटो मोठा करून दे त्यांना, नुसता मोबाईलवर पाठवू नको.